'सोडणे' आणि 'मोडणे' : रात्रीच्या भुकेचा एक विचार

१. विषयप्रवेश

वजन कमी करण्याचा संकल्प केलेल्या मनुष्याचा निश्चय दिवसा सहसा ढळत नाही. न्याहारी मोजून होते, दुपारी एक पोळी कमी घेतली जाते, चहातील साखर वर्ज्य होते. परंतु रात्रीचे जेवण होऊन दोन-तीन तास लोटले, घरातील मंडळी निजली आणि हातातील वाचन अथवा काम अद्याप संपले नसले, म्हणजे स्वयंपाकघरातील डबे आठवू लागतात. दिवसभर सांभाळलेले अर्ध्या तासात जाते व सकाळी पश्चात्ताप तेवढा उरतो. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की, त्याची गणना सामान्यतः मनोदौर्बल्यात केली जाते आणि उपायही मनोनिग्रहाचाच सांगितला जातो. या समजुतीची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

शरीरशास्त्र व आहारशास्त्र यांतील निष्कर्ष त्या त्या शास्त्रांच्या अभ्यासकांचे आहेत आणि ते येथे त्यांच्याच आधाराने घेतले आहेत. भाषेच्या अभ्यासकाने करावयाचे काम निराळे आहे. भूक, जेवण आणि उपास यांसंबंधी मराठी भाषेने शतकानुशतके जे भेद शब्दांत नोंदवून ठेवले आहेत, ते या निष्कर्षांशेजारी ठेवून पाहावयाचे. असे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. मराठीत उपास 'सोडता' येतो आणि उपास 'मोडता'ही येतो. या दोन क्रियापदांमधील अंतर लहान नाही. ज्याला आज आपण 'डाएट' म्हणतो, त्याला मोडणे आहे; सोडणे नाही. रात्रीच्या भुकेचा प्रश्न पुष्कळ अंशी येथे अडलेला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

विवेचनासाठी क्षेत्र निवडले आहे ते बारामती एमआयडीसी व तिच्या लगतच्या इंदापूर तालुक्याचे. ज्या परिसरात रात्र ही हजारो माणसांची कामाची वेळ आहे, तेथे रात्रीच्या भुकेचे स्वरूप अधिक स्पष्टपणे दिसते.

२. 'भूक' या शब्दाचा अर्थ

मराठी 'भूक' हा शब्द संस्कृत 'बुभुक्षा' या शब्दापासून प्राकृताच्या द्वारे आला आहे. 'बुभुक्षा' हे भुज् धातूचे इच्छार्थक रूप होय. ज्याप्रमाणे पा धातूपासून पिपासा, ज्ञा धातूपासून जिज्ञासा, त्याचप्रमाणे भुज् धातूपासून बुभुक्षा. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने भूक ही पोटाची रिक्तता नव्हे. ती खाण्याची इच्छा आहे. ही इच्छा रिकाम्या पोटामुळे उत्पन्न होईल, तशीच ती वासाने, सवयीने, जागरणाने किंवा कंटाळ्यानेही उत्पन्न होईल.

वाक्यरचनेकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट आढळते. 'मी भूक करतो' असे मराठी माणूस म्हणत नाही. 'मला भूक लागली' असे म्हणतो. ज्याला भूक जाणवते तो येथे कर्ता नसून 'ला' प्रत्ययाने दर्शविलेला अनुभव घेणारा आहे. तहान, झोप, थंडी यांविषयी हीच रचना वापरली जाते. भूक लागण्याचा दोष माणसाकडे येत नाही, एवढे तरी व्याकरणाने मान्य केले आहे.

परंतु खाण्याच्या सर्व इच्छांना मराठी 'लागणे' हे एकच क्रियापद लावीत नाही. भूक 'लागते', चहा-तंबाखूची तलफ 'येते', एखाद्या पदार्थाची इच्छा 'होते', आणि काही केल्या समाधान होत नाही तेव्हा 'खा खा सुटते'. वासाने भूक 'चाळवते', फार वेळ उपाशी राहिल्यावर ती 'खवळते', वेळ टळून गेली की 'मरते'. पोट भरले असताही 'मन भरत नाही', आणि अशा वेळी जे चालते त्याला 'जिभेचे चोचले' म्हणतात. हे शब्द परस्परांच्या जागी चालत नाहीत. 'मला भाकरीची तलफ आली' हे वाक्य ऐकणाऱ्यास खटकेल. शरीराच्या गरजेतून उद्भवणारी भूक आणि सुखाच्या अपेक्षेतून उद्भवणारी भूक असा जो भेद आजचे शास्त्र करते, तो रूढ भाषेत असा विखुरलेला आहे.

हा भेद प्रत्यक्षात ओळखावा कसा, याची कसोटीही भाषेतच आहे. 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. खरी भूक कोंड्यावर भागते. खरी झोप उशाला दगड असला तरी येते. रात्री साडेअकरा वाजता ज्याला कोरडी भाकरी आणि ताकही चालेल असे वाटते, त्याला भूक लागली आहे. ज्याला केवळ फरसाणच हवे आहे, त्याला तलफ आली आहे. म्हणीच्या उत्तरार्धाचे महत्त्व पूर्वार्धाहून कमी नाही. कारण रात्रीची पुष्कळशी भूक ही न घेतलेल्या झोपेचेच रूप असते. ते कसे, हे आता पाहू.

३. रात्रीच्या भुकेची शारीरिक कारणे

पहिले कारण शरीरातील घड्याळाचे. शीअर, मॉरिस आणि शे या अमेरिकन संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बारा व्यक्तींना अनेक दिवस प्रयोगशाळेत मंद प्रकाशात ठेवून, त्यांच्या झोपेच्या व जेवणाच्या वेळा दिवसाच्या सर्व प्रहरांत फिरविल्या. जेवण व झोप यांचा परिणाम वजा केल्यावरही भुकेला स्वतःची लय असल्याचे आढळले. ती सकाळी ८ च्या सुमारास सर्वांत मंद आणि रात्री ८ च्या सुमारास सर्वांत तीव्र होती. गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची इच्छाही याच क्रमाने वाढत होती. सकाळी न खाता राहणे सोपे का वाटते आणि सायंकाळनंतर तोच निश्चय जड का जातो, याचा एक उलगडा यात आहे.

दुसरे कारण वजन कमी करण्याच्या क्रियेतच आहे. मेदपेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध १९९४ साली लागला. शरीरात साठा पुरेसा आहे असा संदेश ते मेंदूस देते. जठरातून स्रवणारे घ्रेलिन १९९९ साली जपानमधील कोजिमा, कांगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. ते भूक वाढविते. या दुसऱ्या संप्रेरकाचे नाव इंडो-युरोपीय मूलभाषेतील 'वाढणे' या अर्थाच्या धातूवरून ठेवण्यात आले, ही गोष्ट भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस मनोरंजक वाटेल. आहार कमी करून वजन उतरविल्यावर घ्रेलिनचे प्रमाण वाढते, असे कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखविले. सुमित्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या अभ्यासात तर, भूक वाढविणारे हे बदल वजन घटविल्यानंतर वर्षभरानेही टिकून असल्याचे दिसले. शरीर घटलेले वजन भरून काढू पाहते. त्याला आपल्या संकल्पाची वार्ता नसते.

ही घट तीव्र असली तर मनाचे काय होते, याचा अभ्यास मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीझ यांनी १९४४-४५ साली केला. छत्तीस निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. या काळात त्यांच्या मनात अन्नावाचून दुसरा विषय टिकेना. काहीजण पाककृतींची पुस्तके वाचीत बसत. दिवसभर अर्धपोटी राहणाऱ्यास रात्री डबे आठवतात, ते याच न्यायाने.

तिसरे कारण जागरणाचे. श्पीगेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बारा तरुणांना दोन रात्री केवळ चार-चार तास आणि अन्य वेळी दोन रात्री दहा-दहा तास अंथरुणात राहू दिले. कमी झोपेनंतर लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि भूक २४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान होता हे खरे. परंतु जागरणाने खाणे वाढते हा निष्कर्ष पुढील अनेक अभ्यासांशी जुळणारा आहे.

चौथी गोष्ट उशिरा खाण्याच्या परिणामाची. वुयोविच आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली सोळा अतिवजनाच्या किंवा स्थूल व्यक्तींना तेच अन्न एकदा नेहमीच्या वेळी व एकदा सुमारे चार तास उशिरा दिले. उशिरा खाल्ल्यावर जागेपणीची भूक वाढली आणि शरीराचा ऊर्जाव्यय किंचित कमी झाला. म्हणजे रात्रीचे खाणे दुसऱ्या दिवशीच्या भुकेस आमंत्रण देते आणि चक्र सुरू राहते.

या चारही कारणांत मनोदौर्बल्याचा उल्लेख कोठेही आलेला नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

४. नाव नसलेले जेवण

आता जेवणवेळांच्या नावांकडे वळू. मराठीत दिवसाच्या खाण्यास नावांची वाण नाही. 'जेवण' हा शब्द संस्कृत 'जेमन'पासूनचा. 'नाश्ता' फारसीतून आला, आणि गंमत अशी की, मूळ भाषेत 'नाश्ता' म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी. 'फराळ' हे 'फलाहार' या शब्दाचे रूप. दुपारच्या व रात्रीच्या जेवणांच्या मध्ये जे खातात त्यास 'मधल्या वेळचे खाणे' म्हणतात. सायंकाळच्या जेवणास जुन्या मराठीत 'व्याळी' असा स्वतंत्र शब्द होता; लीळाचरित्रात तो वारंवार येतो. त्याचे मूळ संस्कृत 'विकाल' या शब्दात आहे. 'विकाल' म्हणजे सायंकाळ, आणि 'विकाल' म्हणजे अवेळ. बौद्ध शीलांत 'विकालभोजन' वर्ज्य सांगितले आहे ते दुसऱ्या अर्थाने. तेथे माध्यान्हानंतरची वेळ हीच अवेळ होय. एकाच शब्दातून एका परंपरेत निषेध व दुसरीत रोजचे जेवण निघाले. वेळ आणि अवेळ यांची सीमा निसर्गाने आखलेली नसून समाजाने ठरविलेली असते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचित सापडेल.

परंतु रात्री ११ ते पहाटे ५ या काळात केलेल्या जेवणास रूढ मराठीत नाव नाही. रमजानच्या महिन्यातील 'सहरी' हा शब्द महाराष्ट्रातील मुसलमान समाजात आहे व त्या जेवणाची वेळही निश्चित आहे; त्याखेरीज दुसरे नाव आढळत नाही. ज्या समाजाचा दिवस सूर्याबरोबर सुरू होई आणि दिवेलागणीनंतर लवकरच संपे, त्यास अशा नावाची गरज नव्हती.

बारामती-इंदापूर भागात ही गरज बऱ्याच काळापूर्वी निर्माण झाली. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सुरू झाला आणि उसाची शेती वाढली. रात्री शेतात दारे धरण्यास जाणे हा शेतकऱ्याच्या जीवनाचा भाग झाला. विजेचे पंप आल्यावर, वीज ज्या वेळी मिळेल त्या वेळी पाणी द्यावे लागू लागले. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. नंतर भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने आले. गळिताच्या हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो, आणि 'पाळी' हा शब्द कामगाराच्या दिनक्रमाचा आधार होतो. पुढे बारामतीची औद्योगिक वसाहत वाढली. आज तेथे तीनचाकी वाहने, लोखंडी घडीव भाग, दुग्धपदार्थ, चॉकलेट, कापड अशा नानाविध वस्तूंचे उत्पादन होते. पियाजिओ, भारत फोर्ज, फेरेरो ही नावे या परिसरात सर्वांच्या तोंडी आहेत. त्याच परिसरात विद्या प्रतिष्ठानची महाविद्यालये असून परीक्षेच्या काळात विद्यार्थीही रात्रपाळीच करीत असतात, असे म्हणावयास हरकत नाही.

पाळीत काम करणाऱ्यास रात्री भूक लागते ती जिभेच्या चोचल्यांपायी नव्हे. दुपारी ३ च्या सुमारास कामावर गेलेला कामगार रात्री ११ नंतर सुटतो आणि घरी येतो तेव्हा त्याच्यासाठी ताट झाकून ठेवलेले असते. ते तो पोटभर जेवतो व लगेच निजतो. रात्रपाळीचा कामगार उपाहारगृहात, ज्यास तेथे कॅन्टीनच म्हणतात, पहाटे दोन-तीनला जे मिळेल ते खातो. पाळी फिरती असल्याने पुढील आठवड्यात या वेळा बदलतात. चेल्लप्पा, शीअर व सहकाऱ्यांनी २०२१ साली एकोणीस व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात कृत्रिम रात्रपाळी योजली होती. रात्री खाणाऱ्यांच्या रक्तातील ग्लुकोजची सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. जागरण तेवढेच करून केवळ दिवसा खाणाऱ्यांत अशी लक्षणीय वाढ दिसली नाही. अर्थात प्रयोगशाळेत जे साधते ते यंत्रावर उभे राहून आठ तास काम करणाऱ्यास संपूर्णपणे साधेल असे नाही. परंतु दिशा स्पष्ट आहे.

आपल्या भागात ही बाब उपेक्षणीय नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, परंतु मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के निघाले. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही मेद अधिक असू शकतो. म्हणूनच भारतीयांकरिता हा निर्देशांक २३ पासून अतिवजनाचा व २५ पासून स्थूलतेचा मानला जातो, आणि पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही कंबरेच्या घेराची मर्यादा सांगितली जाते. वजन कमी करणे ही येथे हौसेची बाब नसून मधुमेह टाळण्याची बाब आहे.

५. 'सोडणे' आणि 'मोडणे'

नाव नसलेले जेवण हे नियम नसलेले जेवण असते. जे खाणे ठरविलेले नाही, त्याचे प्रमाणही ठरलेले नसते. उलटपक्षी मराठी समाजात रात्री उशिरापर्यंत उपाशी राहण्याची एक सुविहित रीत फार पूर्वीपासून आहे. ती म्हणजे संकष्टी चतुर्थीचा उपास. वद्य चतुर्थीस चंद्र रात्री बराच उशिरा उगवतो. त्याची गावोगावची वेळ दिनदर्शिकेत छापलेली असते. उपास करणारी व्यक्ती रात्री साडेनऊपर्यंतही फारशी तक्रार न करता थांबते, चंद्रदर्शन घेते व 'उपास सोडते'. तीच व्यक्ती अन्य दिवशी साडेआठला जेवून साडेदहाला पुन्हा डबा उघडते. शरीर तेच, रात्रही तीच. मग फरक कशाचा?

फरक क्रियापदाचा आहे. उपास प्रथम 'धरावा' लागतो, मग तो 'पाळावा' लागतो आणि अखेर 'सोडावा' लागतो. सोडणे हे उपासाचे अपयश नसून त्याची पूर्तता आहे. त्याची वेळ ठरलेली, पदार्थ ठरलेला, पान वाढलेले. मध्येच काही खाल्ले तर मात्र उपास 'मोडतो'. 'मोडला' या रूपात कर्ता दडविण्याची सोय आहे. 'मी उपास मोडला' आणि 'उपास मोडला' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, आणि दुसरे अधिक वेळा ऐकू येते. धरणे, पाळणे, सोडणे आणि मोडणे या चार क्रियापदांत एक संपूर्ण व्यवस्था साठविलेली आहे. 'सोडणे' आणि 'सुटणे' ही जोडीही येथे लक्षणीय आहे. जो उपास वेळेवर सोडता येत नाही, त्याच्या पोटी खा खा सुटते.

'डाएट' या शब्दाची स्थिती पाहा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'जीवनक्रम', जगण्याची रीत. मराठीत तो आला तेव्हा त्याचा अर्थ 'कमी खाणे' एवढाच उरला. डाएट 'सुरू होते', डाएट 'चालू असते', आणि एके रात्री डाएट 'मोडते'. 'डाएट सोडले' असे म्हटले तर त्याचा अर्थ पूर्तता नसून कायमचा त्याग असा होतो. अर्थात डाएट करणाऱ्यास रात्री काहीही खाणे हे केवळ मोडणेच ठरते.

मोडण्याचा परिणाम काय होतो, हे हर्मन आणि मॅक यांनी १९७५ साली प्रयोगाने दाखविले. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजून नंतर चव सांगण्याच्या निमित्ताने हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवीत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या एरवी कसोशीने बंधन पाळीत, त्यांनी मात्र ते अधिक खाल्ले. बंधन एकदा मोडले, आता राखण्यासारखे काय उरले, असा हा मनाचा हिशेब होय. रात्री दोन बिस्किटांनी सुरू झालेले खाणे पुडा संपेपर्यंत चालते ते याच हिशेबाने.

व्रताची रीत निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण मराठीनेच घडविली आहे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च होय. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला सुमारे ५६७ किलोकॅलरी असतात. तेव्हा अनुकरण करावयाचे ते उपासाच्या पदार्थांचे नव्हे, उपासाच्या रचनेचे.

महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास ज्या दोन आहारपद्धतींची घरोघर चर्चा झाली, त्यांकडेही या दृष्टीने पाहता येते. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसारित केलेल्या पद्धतीत दिवसातून दोनदाच, प्रत्येकी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावयाचे असते. ऋजुता दिवेकर यांचा भर थोड्या थोड्या अंतराने थोडे खाण्यावर होता. दोन्ही पद्धती परस्परविरुद्ध भासल्या तरी दोहोंत खाण्याची वेळ आधी ठरलेली आहे. सोडण्याची सोय दोहोंत आहे. मात्र पाळीत काम करणाऱ्याने यांपैकी कोणतीही पद्धत घड्याळाच्या काट्यावर न बसविता आपल्या पाळीवर बसविली पाहिजे.

६. व्यवहारात काय करावे

वरील विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष असा की, रात्रीचे खाणे अनिवार्य असेल तेथे त्यास नाव, वेळ आणि प्रमाण द्यावे; जेथे ते अनिवार्य नसेल तेथे दिवसाची तूट कमी करावी आणि झोप वाढवावी.

दिवसा काम करणारे अध्यापक व विद्यार्थी यांनी सकाळ-दुपारचे जेवण अवाजवी कमी करू नये. आठवड्यास अर्धा किलोच्या आसपास वजन उतरणे पुरेसे आहे. घाईने उतरविलेले वजन रात्री भूक होऊन परत येते. रात्रीच्या जेवणात डाळ, उसळ, पिठले, अंडे, दही अशा प्रथिनयुक्त पदार्थांपैकी काही आणि भाजी भरपूर असावी. त्याने तृप्ती अधिक काळ टिकते. अकरानंतर जागणे भाग असेल तर साडेदहाचे खाणे आधीच ठरवून, वाटीत काढून ठेवावे. मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम फुटाणे आणि पेलाभर ताक, किंवा एक उकडलेले अंडे, किंवा वाटीभर मटकीची उसळ. ३० ग्रॅम फुटाण्यांत सुमारे ११० आणि अंड्यात सुमारे ७५ किलोकॅलरी असतात. फरसाणात शंभर ग्रॅमला पाचशेहून अधिक. ठरविलेले खाणे दिवसाच्या हिशेबात आधीच धरावे. डबा मांडीवर घेऊन खाल्लेल्यास प्रमाण राहत नाही.

दुसऱ्या पाळीच्या कामगाराने मुख्य जेवण कामावरील सायंकाळच्या सुटीतच करावे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सलग पाच तासांहून अधिक काम न देता मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली होती. 'जेवणाची सुटी' हा शब्द त्या अर्ध्या तासास अन्वर्थक आहे, आणि 'सुटी'ही 'सुटणे' या क्रियापदापासूनच आलेली आहे. तो अर्धा तास चहा-वड्यात न घालविता घरून आणलेल्या भाकरी-भाजीस द्यावा. मग घरी आल्यावर झाकलेल्या ताटाऐवजी वाटीभर दही-भात किंवा कपभर दूध पुरते. झाकलेल्या ताटामागे घरच्यांची माया असते व ते नाकारणे कठीण असते. म्हणून हा बदल एकट्या कामगाराने न करता घरातील सर्वांनी मिळून ठरवावा.

रात्रपाळीच्या कामगाराने कामावर निघण्यापूर्वी नीट जेवावे, मध्यरात्रीनंतरचे खाणे अल्प व प्रथिनयुक्त ठेवावे, गोड चहाचे पेले मोजावे, आणि सकाळी घरी आल्यावर हलके खाऊन अंधाऱ्या खोलीत निजावे. ज्या कॅन्टीनमध्ये पहाटे तीनला केवळ तळलेलेच पदार्थ मिळतात, तेथे कामगाराच्या निग्रहास दोष देण्यात अर्थ नाही. उसळ, अंडी, ताक हे पदार्थ त्या वेळी ठेवणे व्यवस्थापनास अशक्य नाही, आणि त्याचा लाभ कामावरही दिसेल.

तलफ आली असेल तर मात्र 'भुकेला कोंडा'ची कसोटी लावावी. भाकरी नको वाटत असेल तर दात घासून दिवा मालवावा. निजेला धोंडाही चालतो.

७. मर्यादा

काही प्रसंगी हा विचार लागू पडत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी काही औषधे घेणाऱ्यास रात्री घाम, थरथर व एकाएकी भूक जाणवली, तर ती साखर घटल्याची खूण असू शकते. त्याने तत्काळ गोड खावे, आणि वैद्यकीय सल्ल्यावाचून जेवण टाळू नये. भुकेबरोबर तहान व वारंवार लघवी होत असल्यास रक्त तपासून घ्यावे. जेवणाचा मोठा भाग रोज रात्रीच होणे, झोपेतून उठून खाल्ल्यावाचून पुन्हा झोप न येणे आणि सकाळी भूकच नसणे, या लक्षणसमूहाचे वर्णन अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ साली प्रथम केले. तो विकार आहे आणि त्यावर उपचार आहेत. गरोदर व स्तनदा स्त्रियांनी आणि वाढत्या वयातील मुलांनी वजन उतरविण्याच्या हेतूने रात्री उपाशी राहू नये.

८. समारोप

रात्रीची भूक ही शरीराच्या घड्याळातून, दिवसाच्या तुटीतून आणि जागरणातून उद्भवते. तिला निग्रहाच्या अभावाचे नाव देणे शास्त्रास धरून नाही. मराठी भाषेने भूक 'लागते' असे म्हणून ही गोष्ट पूर्वीच मान्य केली आहे, आणि 'सोडणे' व 'मोडणे' असा भेद करून तिच्याशी वागण्याची रीतही सुचविली आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत रात्री अकरानंतरच्या जेवणास उद्या एखादे नाव रूढ झाले, तर ते शब्दसंग्रहातील केवळ एक भर ठरणार नाही. ज्या खाण्यास नाव आहे त्याची वेळ ठरते, ज्याची वेळ ठरते त्याचे प्रमाण ठरते, आणि ज्याचे प्रमाण ठरले ते खाऊन उठलेल्या माणसाला सकाळी पश्चात्तापाचे कारण उरत नाही.